डोहातल्या म्हशींची मोजणी

एका दुपारी मी अकरा गोठ्यांपुढे अकरा शून्यं काढली, आणि ती छान गोल आली म्हणून स्वतःवर खूश झाले. असा मूर्खपणा मी पुढे केलाच नाही असं नाही, पण इतक्या सुंदर अक्षरात नाही.

संस्थानी राज्य होतं. मी भोरला मुलींच्या शाळेत मास्तरीण. वय बावीस, अक्कल त्याहून बरीच कमी. वेल्ह्याकडच्या एका वाडीचं चराऊ रान वणव्यात जळालं. सरकारने मदत मंजूर केली. ज्याची जितकी जनावरं, तितकी रक्कम, पावसापर्यंतच्या कडब्यासाठी. पाहणीला माणसं कमी पडली, म्हणून मला धाडलं.

वाडीत पोचले तेव्हा काळ्या डोंगरावर राख तरंगत होती. कुठे हंबरणं नाही, कुठे घंटा नाही. मला ती शांतता फार गोड वाटली. बायामाणसं पाण्याला गेलेली. गोठ्यात डोकावायचं, दावण रिकामी, शून्य. कुणाला विचारायचं सुचलंच नाही.

यादी चावडीवर लागली, आणि दुसऱ्या दिवशी ठकूबाई चालत कचेरीत आली. वाडीची सगळी म्हसरं तीच राखायची.

“बाई, आमची म्हसरं कुठं गेली?”

“गोठ्यात नव्हती,” मी म्हणाले.

“जळल्या रानात राख चारू व्हय त्यास्नी? समदी आंबवड्याला पावण्यांकडं धाडल्यात.”

रान जळलं की जनावरं सोयऱ्यांच्या गावी पोचवतात. तालुक्यातल्या म्हशींनासुद्धा हे ठाऊक होतं.

“पावण्यांचं गवात बी सरत आलंय,” ती म्हणाली. “मदत न्हाई आली, तर माज्या दोन्ही बाजारात उभ्या कराव्या लागतील.”

अव्वल कारकून, म्हणजे आमचे साहेब, चष्म्यावरून बघत म्हणाले, “यादी उद्या बंद होते. वाडीच्या म्हशी कोणत्या, ते स्वतः बघून लिहा. तरच सही करीन.”

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही आंबवड्याच्या डोहाशी उभ्या होतो. पाण्यावर नुसत्या नाकपुड्या आणि शिंगं. चाळीसेक तरी असतील. सगळ्या सारख्या. उन्हाने पाणी हलत होतं की माझंच डोकं, कळेना.

ठकूबाईने लांब हाक घातली. “चांदेऽ! गंगेऽ!”

डोह दोन ठिकाणी फुगला. दोन ओल्या पाठी वर आल्या आणि सावकाश काठाला लागल्या.

“लिवा. ह्या माज्या.”

मग एकेक घर घेत ती हाका मारत गेली. नाव, पाण्याची गोल लाट, काठावर निथळणारी म्हैस. मी झोपेत लिहावं तशी लिहीत होते. मधेच एक म्हैस आपणहून वर आली, तीही मी लिहायला घेतली.

“ती नगा लिवू,” ठकूबाई म्हणाली. “ती हितलीच हाय. तिला कुणी बोलावलंय?”

एकोणीस झाल्या. साहेबांनी सही केली. मदत आली, कडबा आला, चांदी आणि गंगी बाजारात गेल्या नाहीत. पाहणीला जाताना कान आणि तोंड बरोबर न्यावं, हे मी तेव्हा शिकले.

मदत वाटपाच्या दिवशी कचेरीत कागदावर अंगठा उठवून ठकूबाई दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

“बाई, आज मी हितं हाय, तवा घरला कुलूप हाय. तुमी तिकडं जाऊन मला मेली म्हणून लिवू नगा.”