पिकोताईचा पोशाख

दादाचा फोन आला तेव्हा मी सानपाड्याच्या बाजारात गवारीवरून घासाघीस करत होतो. "बाळू, तुझी वहिनी गेली," तो म्हणाला. मला काही सुचायच्या आत पुढचं वाक्य आलं, "येताना दूध आण, लोक येतील." आमच्या घराण्यात दुःख असंच येतं, कामाच्या यादीत मध्येच कुठंतरी. मी दोन लिटर दूध घेतलं, आणि गवारही घेतली... का घेतली ते आजही सांगता येणार नाही. कामोठ्याला पोचलो तर शिलाई मशीन भिंतीकडे सरकवून हॉलमध्ये जागा केली होती. मशीनमध्ये कुणाचा तरी निळा ब्लाउज अर्धवट अडकलेला होता. सकाळी चहा पिऊन वहिनी कामाला बसली आणि तिथल्या तिथे गेली. याला आता सहा आठवडे झाले.

सुनंदावहिनी तीस वर्षं ब्लाउज शिवत होती. बाहेर पाटी होती, 'पिको-फॉल करून मिळेल'. दादा कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाड्या भरून घ्यायच्या कामावर होता. तिथं आयुष्यभर ओरडून घेतल्यामुळे की काय, घरी तो बोलायचाच नाही. त्यांची मुलगी ऋचा नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचा संगणक मशीनच्या शेजारी राहिला. त्यात सुपरहिरोंचा एक ऑनलाइन खेळ होता. आपला हिरो आपण घडवायचा आणि ठिकठिकाणच्या अनोळखी लोकांशी गट करून एक शहर वाचवायचं. जायच्या आधी ऋचा खेळत असताना वहिनीनं एकदा पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हिच्या बाहीला झोळ आलाय." तिथून सुरुवात झाली. त्या खेळात पोशाखाचं एक दुकान होतं. बूट, पट्टे, केप, मुखवटे, हजारो रंग, आणि एक पैसाही न देता हवं तेवढं उसवा, हवं तेवढं शिवा. वहिनी म्हणायची, "भावोजी, इथं गिऱ्हाईक उद्याच हवं म्हणत नाही हो." तिनं आपल्या उडणाऱ्या हिरोचं नाव ठेवलं पिको.

आम्ही हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो, म्हणजे घरच्या प्रत्येक कार्यात. "आमच्या वहिनी आता चड्डी वरून घालतात," हा माझा विनोद दोन बारशी आणि एका साखरपुड्यात चालला. ती ऐकून घ्यायची. एका रविवारी मात्र तिनं मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "चला, तुम्ही पण या." मी अर्थातच सोनेरी चिलखत, सोनेरी केप आणि डोक्यावर शिंगं घेतली. पहिल्याच लढाईत पळालो. दुसऱ्यातही. तिसरीनंतर वहिनीनं माझा हिरो दुकानात नेला आणि त्याला मळकट करडा रंग दिला. मी भडकलो. "सोनेरी का काढलं?" ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही पळता. पळणाऱ्याला सोनेरी दिलं तर सगळ्यांना दिसतं."

तिची पद्धतच ती होती. आधी माणूस कसा खेळतो ते पाहायचं, मग माप घ्यायचं. तिच्या मापाच्या वहीत पुढून छाती-कंबर-बाही आणि शेवटच्या पानापासून उलटे हे हिरो. "पुढे घुसतो, कुणाचं ऐकत नाही. पाठ पिवळी करणे, मागच्यांना दिसला पाहिजे." "मागे राहून इतरांना बरं करते, कुणी आभार मानत नाही. छातीवर काहीतरी उजळ." नवीन आलेले लोक दुकानात मिळेल ते सगळं एकदम अंगावर चढवतात, हे तिचं निरीक्षण होतं, आणि कवट्या-काटे लावून येणारे सगळ्यात आधी रुसतात. असा एक होता, नाव वज्र. एकदा हरल्यावर त्यानं गटातल्या प्रत्येकाला शिव्या घातल्या, आणि हिला "आंटी, घर जा के खाना बना" असं लिहिलं. वहिनीनं एका बोटानं शोधून शोधून उत्तर टाइप केलं : "खाना बन गया. तेरा पट्टा बहुत ऊपर बैठा है, इसलिए गुस्सा आता है. नीचे ले." मग त्यानं विचारलं, "कितना नीचे?" पुढं तो तिला पिकोदीदी म्हणू लागला. सुरतचा आहे, टाइल्सच्या दुकानात नोकरीला, असं एकदा कळलं.

आणि तीट. वहिनी प्रत्येक ब्लाउजला आतून कुठंतरी काळ्या दोऱ्याचा एक टाका घालायची, नजर लागू नये म्हणून. बिल्डिंगमधल्या बायकांना ते माहीत होतं. खेळात तिनं तोच नियम ठेवला. तिनं सजवलेल्या प्रत्येक हिरोच्या अंगावर एक बारीक काळा ठिपका, प्रत्येकाचा वेगळ्या जागी. माझा कुठं आहे ते शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत.

तेराव्यानंतर दादा म्हणाला, "तिच्या त्या माणसांना कळवायला पाहिजे. वाट बघत असतील." पासवर्ड संगणकालाच पाठ होता. दादा रोज सकाळी अकराला, म्हणजे तिच्या वेळेला, खेळ उघडायचा आणि नुसता समोर बसायचा. चौकातल्या कारंज्यापाशी पिको उभी असायची. तो कशाला हात लावत नव्हता. एके दिवशी त्याला बँकेत जायचं होतं, तेव्हा कळवायचं काम माझ्यावर आलं. मी बसलो, आणि माझ्यातला कर्ता पुरुष जागा झाला. पिको हिरव्यागार, झळाळत्या पोशाखात. मला वाटलं, मृत्यूची बातमी द्यायची आणि अंगावर हे? बरं दिसेल का? मी तिला दुकानात नेलं, नखशिखांत पांढरं केलं आणि जपून ठेवायचं बटण दाबलं. जुना पोशाख त्यावर पुसला गेला, हे मला नंतर कळलं. वहीत पाहिलं. सगळ्यांची पानं होती, तिचं नव्हतं. शिवणारी बाई स्वतःचं माप कशाला लिहील?

दादा आला, पाणी प्यायला, पडद्याकडे पाहिलं. "हिला पांढरं कधीच आवडलं नाही," एवढंच म्हणाला आणि आत गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. कळंबोलीत ओरडायचा तसा. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यानं खेळ उघडलाच नाही.

मी त्या दुपारी तिच्या गटाला सगळं लिहिलं, गेली तेही आणि मी केलेला उद्योगही. मग वज्र कारंज्याजवळ खाली बसला. एकेक करून सगळे बसले. गटात एक गुलाबी ससा होता, लढाईत सगळ्यात भयंकर तोच. त्यामागे नागपूरची एक निवृत्त शिक्षिका निघाली. तिनं मराठीत लिहिलं, "रडू नका भाऊ, कामाला लागा. मला तिचे बूट आठवतात." मग तीन दुपारी आम्ही तेच केलं. कुणाकडे लांबून काढलेलं चित्र, त्यात अर्धी पिको धुरात. बाटली हिरवा की पोपटी यावर भांडण. काठ विटकरी, हे सशाला पक्कं माहीत. "बाँह कोहनी तक," वज्र म्हणाला, "दीदी बोलती थी, काम करनेवाले की कोहनी खुली चाहिए." मी खुर्चीत बसून ते सांगतील तसं करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा वहिनीच्या हाताखाली काम केलं म्हणायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी पोशाख उभा राहिला. फक्त तीट राहिली. ती कुठल्याच चित्रात दिसेना, आणि कुणालाच ठाऊक नव्हती. सगळ्यांची तीट तिनं लावलेली, तिची कुणी पाहणार? मी म्हटलं, लहान मुलाला लावतात तशी गालावर लावू.

"गालावर नको," स्वयंपाकघरातून आवाज आला. दादा चहा गाळत होता. "डाव्या टाचेला."

मी वळून बघितलं. हा माणूस चार वर्षं तिच्या मागे पेपर तोंडासमोर धरून बसायचा. "तुला रे काय माहीत?"

"ती उडाली की दिसायची," दादा म्हणाला. आणि माझ्या हातात कप देऊन बाजूला बसला.

आता तो पुन्हा रोज अकराला खेळ उघडतो. लढत नाही, कुणाशी बोलत नाही. एवढ्या सगळ्या बटणांतलं त्यानं एकच शिकून घेतलंय. ते दाबून पिकोला कारंज्याच्या वर नेतो, टाच दिसेपर्यंत. मग अलगद खाली उतरवतो आणि अंघोळीला जातो.