आमच्या नावावरचा पिंपळ

लहान मुलांच्या हातात रोप देऊन शेजारी उभं राहून फोटो काढून घेणाऱ्या मोठ्या माणसांचा मला राग आहे. हा राग जुना आहे आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. पुढं मी शिक्षिका झाले. शाळेत दर जुलैत वृक्षारोपण असायचं. मी मागच्या रांगेत उभी राहून दातओठ खायचे. बाकीच्या बाई विचारायच्या, "तुम्हाला झाडांचं एवढं वावडं का?" मी उत्तर देत नसे. आता देते.

नाशिक रोडला आमची सोसायटी होती. तीन इमारती आणि मधे मोकळं मैदान. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, मूळचे सायखेड्याकडचे. सोसायटीत बौद्धांचं घर आमचं एकच. हे आमच्या तोंडावर कुणी कधी काढलं नाही. काढायची गरजच नव्हती. दारातून आत पाहिलं की समोरच्या भिंतीवरच्या तसबिरी दिसायच्या, आणि आलेल्या माणसानं नेमका "आत्ताच चहा घेऊन" घरातून पाय बाहेर काढलेला असायचा. बाबा हसून म्हणायचे, "जाऊ दे." बाबांचं सगळ्यावर हेच औषध. आईला ते कधीच लागू पडलं नाही. बाबा सोसायटीत पाऊल टाकलं की पुस्तकातलं बोलायचे; आई मात्र गावात बोलायची तशीच बोलायची, आणि मोठ्यानं बोलायची.

मी सहावीत होते, म्हणजे ऐंशी सालाच्या आगेमागेच. कमिटीनं योजना काढली: एक घर, एक झाड. मैदानाच्या कडेनं खड्डे घ्यायचे, प्रत्येक घरानं एक झाड दत्तक घ्यायचं, मुलांनी पाणी घालायचं, आईवडिलांनी लक्ष ठेवायचं. झाडाला मुलाच्या नावाची पत्र्याची पाटी, आणि कमिटीच्या वहीत नोंद. योजना चांगली होती. आजही मी तिला नावं ठेवणार नाही. नावं ठेवायची ती माणसांना.

कार्यक्रमाला कुणी मोठे पाहुणे आले, भाषण झालं, टेम्पोतून गुलमोहर आणि निलगिरीची रोपं उतरली. एकेका घराला पुकारून रोप देत गेले. आमचं घर शेवटी पुकारलं तोवर टेम्पो रिकामा झाला होता. अध्यक्षकाका म्हणाले, "एक कमी पडलं वाटतं. तुम्ही तुमचं बघा काहीतरी."

बाबा म्हणाले, "जाऊ दे." पण या वेळी मी रडले, म्हणून संध्याकाळी ते मला घेऊन पाण्याच्या टाकीमागे गेले. टाकीच्या भिंतीच्या चिरेत पिंपळाचं एक वीतभर रोप उगवलं होतं. बाबांनी चीर ओली करून करून, अर्धा तास खपून, मुळासकट ते सोडवलं. घरी येऊन म्हणाले, "याच्याखालीच बसले होते. हेच आपलं झाड." कोण बसले होते ते मला सांगावं लागलं नाही.

अध्यक्षकाकांनी नाक मुरडलं. "पिंपळ? घरासमोर पिंपळ लावत नाहीत. मुंजा असतो त्याच्यावर." आई पटकन म्हणाली, "आमच्यावर नाय येत तो. आमचं त्याला चालत नसंल." आम्हाला फाटकाजवळचा कोपरा मिळाला, जिथं लोक येता-जाता केरकचरा टाकायचे. तो कचरा आम्ही तिघांनी दोन रविवारांत उपसला आणि पिंपळ लावला. भोवती बाबांनी दोन्ही तोंडं कापलेलं डांबराचं पिंप बसवलं, बकऱ्या तोंड लावू नयेत म्हणून.

पहिला महिना मैदानात जत्रा असायची. सगळी पोरं बादल्या घेऊन खाली. दिवाळीपर्यंत निम्मी आली, आणि उन्हाळ्यात नळाचं पाणी तासभरावर आलं तेव्हा एकही नाही. निलगिरीची दोन-तीन तगली, बाकी काड्या झाल्या. पुढच्या जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं, नवे पाहुणे, तेच भाषण. मुलांना टाळ्या वाजवायला बसवायचे. गेल्या वर्षीच्या रोपांचं काय झालं हे एकाही मोठ्या माणसानं विचारलं नाही, आणि आम्हा मुलांना ते विचारायचं नसतं हे आपोआप कळलं.

आमच्याकडे पाण्याचा थेंब वाया जात नव्हता. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, अंघोळीचं पहिलं, साबण लावायच्या आधीचं. आई मोरीत बादली ठेवूनच असायची. शाळेतून आले की ती बादली मी खाली न्यायची. शेजारची माझी मैत्रीण दुसऱ्या बाजूनं कडी धरायची. तिचा गुलमोहर मेला होता, म्हणून ती माझ्या झाडात भागीदार झाली होती. तीन वर्षांत पिंपळ पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागला. वारा नसतानाही त्याची पानं हलायची. मी कोणत्याही परीक्षेत पहिली आले नाही, पण फाटकातून आत येताना ते झाड दिसलं की मला पहिली आल्यासारखं वाटायचं.

मग श्रावण आला. एका शनिवारी सकाळी खाली गेले तर पिंपाच्या कडेला एक शेंदूर फासलेला दगड, वाहिलेली फुलं आणि तेलाचा ओघळ. अध्यक्षकाकांच्या बायको, आमच्या काकू, प्रदक्षिणा घालत होत्या. देवळातला पिंपळ लांब होता आणि त्यांचे गुडघे दुखायचे. हा दारातच होता. खरं सांगते, मला आनंद झाला. मुंजा म्हणून हिणवलेलं झाड, आणि आता त्याच्याभोवती बायका हात जोडून फिरतायत! मी धावत वर जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "हं. बघू किती दिस."

फार दिवस लागले नाहीत. पुढच्या शनिवारी मी बादली घेऊन गेले तर काकू म्हणाल्या, "बाळ, थांब. अंघोळीचं पाणी देवाला घालतात का?" मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी वर आले, आईला सांगितलं. आईनं कळशी चिंचेनं घासली, लखलखीत केली, नळाचं ताजं पाणी भरलं आणि माझ्या हातात दिली. मी सांडू न देता जिना उतरले. काकूंनी कळशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "नको गं. तू नको. आम्ही घालत जाऊ आता."

मी कळशी तशीच घेऊन परत आले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला यातलं काय कळतं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं त्या वयात, त्या जातीत, भरलेली कळशी घेऊन जिना चढून बघावा. मला सगळं कळलं होतं. दोष पाण्यात नव्हता. त्या दिवसापासून माझी मैत्रीणही बादलीची कडी धरायला आली नाही. तिला घरून सांगितलं होतं. मी तिला दोष देत नाही, असं म्हणायला हवं, पण मी देते.

बाबा म्हणाले, "झाड जगतंय ना? मग कुणी का घालेना पाणी. जाऊ दे."

दिवाळीनंतर कमिटीनं पार बांधायचं ठरवलं. माझ्या नावाची पाटी काढली, पिंप उचकटून टाकलं. गवंड्यानं बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल चर खणला. चर खणताना मुळं तुटली. मी समोर उभी होते. पांढरी, बोटभर जाडीची मुळं, आणि त्यांतून चीक येत होता. मी ओरडले, "मुळं तोडू नका!" अध्यक्षकाका तोंड दुसरीकडे करून उभे होते. पिंपळाला इजा करणं पाप ना, मग ते बघायचं नाही, म्हणजे लागत नाही! रविवारी श्रमदान झालं. सगळ्या पोरांनी घमेल्यांतून वाळू वाहिली. वर शहाबादी फरशी आणि बुंध्याला अगदी घट्ट टेकवून सिमेंट. पाणी मुरायला बोटभरही जागा नाही. ज्या लोकांना चार वर्षांत दोन-तीन निलगिरींपलीकडे एक झाड जगवता आलं नव्हतं, त्यांनी माझ्या झाडाचा गळा आवळला, आणि वर त्याला सेवा म्हणाले.

सोमवारी दुपारी, पुरुष कामावर आणि बायका वामकुक्षीला असताना, मी खुरपं घेऊन खाली गेले आणि बुंध्याभोवतीचं ओलसर सिमेंट उकरून काढलं. वीतभर रुंद आळं केलं आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. कुणी पाहिलं असेल-नसेल. हात सोलले होते, त्यामुळे विचारायची गरजच पडली नाही.

संध्याकाळी मैदानात खुर्च्या टाकून कमिटी बसली. देवाचा पार फोडला म्हणजे काय? बाबांना बोलावलं. बाबा मालधक्क्यावरून तसेच आले होते, शर्टावर पोत्यांची धूळ होती. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "माफी माग."

मी बाबांकडे बघत राहिले. ते म्हणाले, "माग. आपल्याला इथंच राहायचंय."

मी म्हणाले, "चुकलं." आणि मग विचारलं, "पण आता पाणी कोण घालणार?"

"पाऊस आहे की," कुणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं हसले. दुसऱ्या दिवशी गवंड्यानं आळं बुजवलं. आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही. मी त्याहून जास्त दिवस बोलले नाही. काकूंचा, गवंड्याचा, कमिटीचा राग एका बाजूला, आणि त्या "माफी माग"चा एका बाजूला. बाबांनी तसं का केलं ते मला आज नीट कळतं. कळल्यानं राग जातो असं मात्र नाही.

तो उन्हाळा पिंपळानं कसाबसा काढला. शनिवारी तांब्याभर पाणी पडायचं, ते फरशीवरून वाहून जायचं. तेल भरपूर, हळदकुंकू भरपूर, बुंध्याला दोऱ्याचे वेढे. पानं पिवळी पडली, मग लहान येऊ लागली. मी खिडकीतून बघायची. बादली मोरीत भरायची आणि मोरीतच ओतली जायची. दुसऱ्या उन्हाळ्यात तो वाळला. वैशाखात, जेव्हा पिंपळ कोवळ्या पानांनी तांबूस दिसायला हवा, तेव्हा त्याच्यावर एक पान नव्हतं.

आणि तेव्हा अध्यक्षकाका आमच्या घरी आले. आत आले, खुर्चीवर बसले. आईनं चहा ठेवला आणि त्यांनी तो घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. निम्मा कप संपल्यावर म्हणाले, "वाळलेला पिंपळ दारात बरा नाही. मजूर सांगितले होते, पण शेंदूर बघून तेही परत गेले. आमच्यात पिंपळाला कुऱ्हाड लावत नाहीत, दोष लागतो. तुमच्यात तसं काही मानत नाहीत ना? शिवाय वहीत झाड तुमच्याच नावावर आहे."

जिवंत होतं तोवर ते देवाचं होतं. मेल्यावर पुन्हा आमचं झालं! मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता बाबा म्हणणार, जाऊ दे, काढून टाकतो. ते कुऱ्हाडीसाठी उठणार, आणि मग मी त्यांच्याशी जन्मात बोलणार नाही.

बाबा उठले नाहीत. नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाले, "पाणी घालू नका म्हणालात, आम्ही घातलं नाही. आता कुऱ्हाड घाला म्हणताय. तीही आम्ही घालणार नाही."

काकांनी उरलेला चहा तसाच ठेवला आणि गेले.

झाड उभंच राहिलं. जुलै आला, नवी रोपं आली, नवे पाहुणे आले. वाळका पिंपळ झाकायला त्याच्यापुढं कापडी फलक बांधला होता, पण बुंधा झाकला तरी फांद्या वर दिसतच होत्या. भाषण चालू होतं: घरातल्या प्रत्येकानं, लहानथोरांनी मिळून झाड वाढवलं पाहिजे. पाहुणे बिचारे मनापासून बोलत होते. बोलता बोलता त्यांची नजर वर गेली. "अरेरे, एवढं मोठं झाड! हे कशानं वाळलं?"

अध्यक्षकाका पुढं झाले, काहीतरी कीड म्हणायला लागले. तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून आई उठून उभी राहिली. बाबा शेजारीच होते. त्यांनी तिला खाली बसवलं नाही.

"कीड नाय, साहेब," आई म्हणाली. "माझ्या पोरीनं वाढवलं व्हतं ते. तिला पाणी घालायची मनाई केली हितल्या लोकांनी. आम्ही कोण हाय ते इचारा त्यास्नी."

पाहुण्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी हातातल्या रोपाकडे पाहिलं. मग ध्वनिक्षेपकावरून पहिल्या घराचं नाव पुकारलं गेलं, आणि एक छोटी मुलगी रोप घ्यायला पुढं आली.