लेन्सची नोंद नाही

"आली... आली... गेली."

चाचांच्या तोंडचे हे शब्द ज्यांनी ऐकलेत त्यांना ते सहज विसरता यायचे नाहीत. कपाशीच्या झाडासमोर गुडघे टेकायचे, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि कमरेतून हळूहळू पुढे झुकायचं, तितक्याच हळू मागे यायचं. पॅसेंजर गाडीत पेंगणारा माणूस डुलतो तसं. आली म्हणजे अळी फोकसमध्ये आली. गेली म्हणजे गेली. मग पुन्हा पहिल्यापासून. कधीतरी 'गेली' म्हणायच्या आत एक 'खट्' ऐकू यायचं आणि चाचा श्वास सोडायचे.

मी शेजारच्या ओळीत असायचो आणि त्या 'खट्'नं माझ्या पोटात दुखायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भला माणूस समजणार नाही.

चाचांचा अकोल्यात वडिलांपासूनचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, पासपोर्ट, शाळांचे ग्रुप फोटो. मी अमरावतीचा. शेतीच्या मासिकांसाठी आणि कॅलेंडरांसाठी पिकांचे, किडींचे फोटो काढायचो. या कामात वऱ्हाडात आपल्यासारखा दुसरा नाही अशी माझी समजूत होती, आणि ती दुसऱ्या कुणी खोडली नसल्यामुळे चांगली पक्की झाली होती. मग एका कृषी प्रदर्शनात कपाशीच्या पानावरच्या तुडतुड्याचा फोटो पाहिला. त्याच्या पंखातल्या शिरा मोजता येत होत्या आणि तरी फोटो डोळ्यांना टोचत नव्हता. मागचं पान सायीसारखं मऊ होत विरत गेलं होतं. मी काढणाऱ्याची चौकशी केली तेव्हा पांढऱ्या दाढीचे, खिशात चष्म्याचं घर ठेवलेले एक गृहस्थ पुढे आले.

"आपला धंदा लग्नाचा हाय," ते म्हणाले. "हे असंच. टाइमपास."

तो 'टाइमपास' मला महिनाभर चावत होता.

त्यांची लेन्स मी पहिल्यांदा पाहिली ती पोळ्यांच्या डब्यात. स्टीलच्या डब्यात फलालीनचं फडकं, आणि फडक्यात ती, काळी, जाडजूड, कॅमेऱ्यापेक्षा वजनदार. रोल भरायच्या जुन्या मोठ्या कॅमेऱ्याची होती. एका सराफाच्या दागिन्यांचे जवळून फोटो काढायला म्हणून चाचांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेली. रोलचे दिवस संपले, तो मोठा कॅमेरा काचेच्या कपाटात गेला, पण लेन्सला चाचांनी निवृत्त होऊ दिलं नाही. एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमची रिंग करून घेतली आणि ती लेन्स सरळ डिजिटल कॅमेऱ्यावर चढवली. कॅमेऱ्याला तिची ओळख पटायची नाही. 'लेन्स नसली तरी फोटो काढ' असं त्याला आतल्या सेटिंगच्या यादीत जाऊन आधी पटवावं लागायचं. फोकस हातानं. उजेड आत घेणारं भोक लहान-मोठं करायचं तेही हातानं, बोटाला लागणारे टिचके मोजत.

"मोठ्या फिल्मसाठी बनवेल लेन्स हाय ही," चाचा सांगायचे. "हा लहान कॅमेरा तिचा मधलाच तुकडा खाते. टरबुजाचा मधला भाग, भाऊ. कडेचा खातच नाई."

माझ्याकडे त्या वर्षी घेतलेली कोरी मॅक्रो लेन्स होती. आपोआप फोकस करणारी. अळीसमोर धरली की ती घूं घूं करत पुढे जायची, घूं घूं करत मागे यायची, आणि शेवटी अळी सोडून मागच्या बोंडावर जाऊन बसायची. तरीही मी ती लोकांना दिसेल अशी गळ्यात अडकवून हिंडायचो.

ओळख वाढली तसे आम्ही धामणगाव रेल्वे या गावाच्या बाजूला शेतांत जाऊ लागलो. चाचा अकोल्याहून गाडीनं यायचे, मी मोटारसायकलवर. निंदणी करणाऱ्या बायकांना त्यांचं डुलणं पाहून हसू आवरायचं नाही. एकदा एकीनं विचारलं, "काहो चाचा, त्या अळीचं लगन हाय का आज? एवढे फोटो काढून राहिले."

"हाय ना बाई," चाचा डोळा न काढता म्हणाले, "नवरीच लय हालते."

बायका हसल्या. मी शेतात आल्यानं कधी कुणी हसलं नव्हतं. मला त्याचाही हेवा वाटला. त्या बायांच्या हसण्याचासुद्धा.

सगळी करामत लेन्सची आहे, असं मी मनाशी धरून बसलो होतो. एक दिवस धीर करून ती मागितली. वाटलं होतं, काहीतरी कारण सांगतील. त्यांनी डबाच हातात ठेवला. "घेऊन जा. चार दिवस ठेव." मी चार दिवस ठेवली. दोनशेवर फोटो काढले, आणि त्यातला एकही कुणाला दाखवण्यासारखा निघाला नाही. परत देताना म्हणालो, "चाचा, लेन्स जुनी झाली आता. धूसर येते."

त्यांनी माझे फोटो पाहिले. बराच वेळ पाहिले. "लेन्स बरोबर हाय," ते म्हणाले. "तू रिंग फिरवून राहिला. रिंगले हात नको लावू. तूच पुढं हो. आपण हलाव, लेन्सनं नाई."

लेन्सचा हेवा परवडला असता. आता तो त्या माणसाचा झाला, आणि माणसाचा हेवा चार दिवसांत परत करता येत नाही.

पुढच्याच हंगामात वऱ्हाडातली कपाशी गुलाबी बोंडअळीनं धरली. कपाशीच्या पट्ट्यातल्या वाचकाला तिचं वर्णन सांगायला नको. पण इतरांसाठी एवढं सांगतो की ही अळी गुलाबी होते ती मोठी झाल्यावर. लहान असते तेव्हा पांढरी असते, तांदळाच्या कणीएवढी, डोकं तेवढं काळपट. ती फुलात शिरली की पाकळ्या एकमेकींना चिकटून पिळल्यासारख्या होतात, फूल उमलतच नाही. त्याला डोमकळी म्हणतात. डोमकळी वेळेवर तोडून नष्ट केली तर पुढचं बरंच वाचतं. गुलाबी दिसेपर्यंत थांबलं की अळी बोंडात गेलेली असते आणि हातात काही उरत नाही.

एका सरकारी कृषी कार्यालयानं गावोगावी लावायला भित्तिपत्रक काढायचं ठरवलं. त्यावर अळीचा एक मोठा फोटो हवा होता. तिथल्या साहेबांनी मला बोलावलं, आणि आणखी कुणाचे असतील तर तेही आणा म्हणाले. चाचांनी आपला पेन ड्राइव्ह माझ्याच हातात दिला. "तू अमरावतीतच राहते. देऊन दे."

त्यात एकच फोटो होता. सुईच्या टोकानं उघडलेली डोमकळी. आत फिकट पिवळ्या पाकळीवर पांढरी अळी. पिवळ्यावर पांढरं, आणि तरी अळी पाकळीपासून सुटून दिसत होती. तिच्या अंगावरचा एकेक केस दिसत होता. मी त्या पांढऱ्या अळीच्या मागे दोन आठवडे होतो. माझ्या प्रत्येक फोटोत ती उन्हानं करपून नुसता पांढरा ठिपका झाली होती. म्हणून मी आदल्या हंगामातला माझा फोटो घेऊन गेलो होतो. फुटलेल्या बोंडातली टपोरी गुलाबी अळी. देखणी होती, यात वाद नाही.

साहेब चाचांच्या फोटोपाशी थांबले. खुर्ची पुढे ओढून पाहू लागले. "हा कुणी काढला? हाच घेऊ या."

मी माउस हातात घेतला आणि फोटोची माहिती उघडली. कॅमेऱ्याचं नाव होतं. लेन्सच्या जागी काहीच नव्हतं. भोकाच्या आकड्याच्या जागी शून्य.

"सर, यात लेन्सची नोंदच नाही," मी म्हणालो. "फोटो कुठून आलाय, ते यावरून कळत नाही."

मी एक अक्षर खोटं बोललो नाही. आजही कुणी मला त्यात खोटं काढून दाखवू शकणार नाही. नोंद नव्हतीच. ती का नव्हती हे मला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी गप्प बसलो.

"नको मग," साहेब म्हणाले. "उगाच इंटरनेटवरचा निघाला तर लफडं. तुमचा घ्या."

चाचांना मी फोनवर सांगितलं, "फोटो आवडला होता. पण तुमच्या लेन्सची नोंद येत नाही म्हणून राहिला."

ते हसले. "बरोबर हाय. कॅमेरा म्हणते लेन्सच नाई. मंग मी फोटो कायच्यानं काढला?"

भित्तिपत्रक छापलं गेलं. 'अळी ओळखा' आणि खाली वीतभर माझी गुलाबी अळी. सुरुवातीला पांढरी असते हेही कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं. बारीक अक्षर कोण वाचतं.

हंगाम उतरताना मी धामणगावजवळच्या एका गावात गेलो होतो. शोभाताई म्हणून एक बाई स्वतः शेती पाहायच्या. पंचायतीच्या भिंतीवरचं भित्तिपत्रक दाखवून मी अभिमानानं म्हणालो, हा फोटो माझा.

"मस्त हाय भाऊ," त्या म्हणाल्या. "याच्यावरूनच पायलं आमी. फुलं उघडून उघडून पायली. आमच्यातली पांढरी होती ना. म्हटलं, हे गुलाबी नाई, दुसरी कोन्ती असन. म्हून सोडून देल्ली." मग शांतपणे म्हणाल्या, "थेच होती थे. गुलाबी झाली तवा समजलं."

त्या मला दोष देत नव्हत्या. चहा घ्या म्हणत होत्या. मी तो उभ्याउभ्याच घेतला आणि मोटारसायकल काढली.

दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला गेलो. सगळं सांगायचं, पाय धरायचे, असं ठरवूनच गेलो होतो. चाचा स्टुडिओत होते. मला पाहून त्यांनी गल्ल्याखालून एक खोकं काढलं. आत कोरी, आपोआप फोकस करणारी मॅक्रो लेन्स होती. माझ्याकडे होती तीच.

"तुनं सांगतलं तवापासून मनात होतं," ते म्हणाले. "जुनी देऊन टाकली. पुण्याचा एक शौकीन घेऊन गेला. आपण सरकारी काम कराव तं नोंद पायजे ना, भाऊ. पाय, आता सगळं येते."

त्यांनी एक फोटो उघडून दाखवला. लेन्सचं पूर्ण नाव होतं, आकडा होता. ते शाळकरी पोरासारखे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हणालो, "छान, चाचा." ठरवलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. त्या पुण्याच्या माणसाचा पत्ता तरी विचारायचा होता. तोही विचारला नाही.

चाचा जाऊन आता काही वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलानं त्यांचे शेवटच्या वर्षांतले फोटो माझ्याकडे पाठवले. "तुमी अब्बांचे दोस्त. चांगले चांगले निवडून द्या, भिंतीवर लावतो."

मी सगळे पाहिले. तीनशेच्या वर होते. अळ्या, तुडतुडे, मावा, फुलं. प्रत्येकाच्या खाली लेन्सचं नाव, आकडा, सगळी नोंद व्यवस्थित. बरेचसे मागच्या बोंडावर फोकस गेलेले. बाकीचे ठीक, मी काढतो तसे.

त्यातल्या एकाही फोटोचा मला हेवा वाटला नाही.