दियेजुस्तच्या नावाची कॉफी

तुमच्या घरातलं माणूस मेलं, हे तुम्हाला कोण सांगतं? डॉक्टर? शेजारी? इझमेनीमावशीला कुणी सांगितलं ते ऐका, आणि मग हिंमत असेल तर मला म्हणा, जुनं उकरू नकोस म्हणून.

मावशी जाकमेलच्या बाजारात कॉफी विकायची. नवरा दियेजुस्त शिंपी. 'तहहयात' राष्ट्राध्यक्षाचं भाषण रेडिओवर चालू असताना त्याने दुकानाचं दार ओढून घेतलं, एवढाच त्याचा गुन्हा. राष्ट्राध्यक्षाचे पाळलेले गुंड, निळ्या कपड्यांतले, काळ्या चष्म्यांचे माकूत आले आणि भर दुपारी त्याला घेऊन गेले. साऱ्या गल्लीने पाहिलं, आणि साऱ्या गल्लीने खिडक्या लावून घेतल्या.

दर रविवारी मावशी तुरुंगाच्या फाटकावर मक्याच्या कण्या आणि घेवड्याचा डबा द्यायची. डबा रिकामा परत यायचा, वर घासलेला.

"बघ, जेवतोय," ती मला म्हणायची. "घरी कधी ताट उचललं नाही मेल्याने. तिथे सुधारला."

तो तहहयात राष्ट्राध्यक्ष मेला, त्याचा पोरगा गादीवर बसला, डबा चालूच.

आमच्याकडे कॉफीचा पहिला घोट मेलेल्यांचा. नाव घेऊन जमिनीवर थेंब सांडायचे, मग आपण प्यायची. नाही दिली तर ती माणसं तहानेली येतात, दारात बसून राहतात. मावशी आईला द्यायची, बापाला द्यायची. दियेजुस्तचं नाव कधीच घ्यायची नाही. जिवंत माणसाच्या नावाने थेंब सांडणं म्हणजे आपल्या हाताने त्याला खड्ड्यात लोटणं.

गल्लीतला माकूत क्लेरिस्मे रोज तिच्याकडे फुकट कॉफी प्यायचा. त्या सकाळी मी बाकड्यावर होतो. त्याचं तोंड सुजलेलं, झोप नसल्यासारखं.

"काय साहेब, बायकोने बाहेर काढलं वाटतं?" मावशी म्हणाली.

"गप गं. कुणीतरी दारात येऊन बसतं. हाकललं तरी उठत नाही."

त्याने कप घेतला आणि सवयीने तिरपा केला. "आई, घे. दादा, घे." आणि त्याच सुरात, "दियेजुस्त, घे बाबा. आता तरी जा."

थेंब धुळीवर मण्यांसारखे गोल राहिले. जिरेनातच. क्लेरिस्मे त्यांच्याकडे बघत राहिला, मग त्याने चष्मा काढला. त्याचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. भेदरलेल्या माणसाचे डोळे.

मावशीच्या हातातली किटली हलली नाही. "कुठे ठेवलायस त्याला?"

"कुणाला?"

"आत्ता ज्याला पाजलीस त्याला."

"तोंड सांभाळ, म्हातारे." पण कप तसाच ठेवून तो निघाला. मोकळ्या रस्त्यावर, कुणाला तरी जागा देत असल्यासारखा, भिंतीला घासत चालत गेला.

त्यानंतर मावशीने डबा नेणं बंद केलं. त्याच्या नावाचे थेंब मात्र सांडले नाहीत. "कुठली माती त्याची आहे तेच ठाऊक नाही. कुठे देऊ?" म्हणाली.

मग तो गादीवरचा पोरगाही, दुसरा तहहयातवाला, विमानात बसून पळाला. कोयते घेऊन लोक क्लेरिस्मेच्या घरावर गेले. दारात मावशी आडवी. "आधी त्याला बोलू द्या रे! मेल्यावर कुणाला विचारू?" लोक तिच्याशी भांडत राहिले आणि क्लेरिस्मे परसातल्या भिंतीवरून उडी मारून गेला. अजूनही काही शहाणे तिला माकूतीण म्हणतात. कोयता घेऊन तेव्हा गेलेले किती आणि आधी खिडक्या लावणारे किती, ते माझ्या तोंडावर येऊन सांगा म्हणावं.

परवा तिच्याकडे गेलो. भर उन्हाचा उंबरा ओला होता.

"तिथे पाय देऊ नकोस," ती म्हणाली. "दियेजुस्त बसलाय. बोलत नाही. नुसता किटलीकडे बघत बसतो."

क्लेरिस्मे जिवंत आहे. कुणी त्याला राजधानीत पाहिलंय, कुणी सरहद्दीपलीकडे उसाच्या मळ्यात. उंच म्हातारा, डावा कान फाटलेला, जाकमेलचं नाव काढलं की उठून जातो. तुम्हाला भेटला तर मारू नका. हात माझेही शिवशिवतात. आधी त्याला एवढंच विचारा, दियेजुस्तला कुठे पुरलं. आणि तो जे सांगेल ते मावशी आहे तोवर तिला कळवा.