फळीखालचा जुना पाट

सावंतवाडीच्या तळ्याचं पाणी सोडायची फळी कॉन्स्टान्सियो डिसोझाने तीस वर्षं उघडली आणि मिटली. पाणी किती चढलं की किती बोटं फळी उचलायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं; बघून बघून तो शिकला. नगरपालिकेच्या नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तळ्यावर नवा माणूस दिसला की तो चष्मा पुसून उभा राहायचा. स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या कॅनमध्ये बोट बुडवून बघणारा, आलेला कागद तीनदा वाचणारा. बायको इमेल्डा म्हणायची, "पाद्रीन् आशीर्वाद दिल्यान तरी तुमी इचारशात, कित्याक दिल्यान."

गेल्या मार्चमध्ये नगरपालिकेच्या सभागृहात मोठी चित्रं लागली. तळ्याकाठचं शहर पंचवीस वर्षांनी कसं असेल त्याची. पाऊस वाढेल, ऊन वाढेल, तरी शहर टिकेल असा आराखडा. काठावर झाडं, पाणी जिरवणाऱ्या बागा, सायकलींची वाट, जुने बुजलेले पाट पुन्हा वाहते केलेले. कॉन्स्टान्सियोने चित्रातली माणसं मोजली. चाळीसेक होती आणि एकाच्याही हातात छत्री नव्हती. पावसाचं शहर काढलंय म्हणे.

मग त्याला ती निळी रेघ दिसली. तळ्यापासून निघून त्यांच्या गल्लीतून, थेट त्याच्या घराच्या मागून ओहोळात उतरलेली. खाली लिहिलं होतं, जुना पाट. शेजारच्या हॉटेलवरून मात्र एकही रेघ नव्हती.

त्याचा संशय तिथेच पक्का झाला. जुना पाट हॉटेलच्या गाड्या लागतात त्या जागेखालून जातो, असं तो सगळ्यांना सांगत आला होता. आता मोठ्यांचं वाचवून गल्लीतल्या लोकांना उठवायचा हा डाव.

दुसऱ्या आठवड्यात गल्लीत एक मुलगी फितीने मोजमाप घेत आली. वर्षाली तिचं नाव. आराखडा करणाऱ्या कंपनीत कामाला. तिने त्याच्या मागच्या भिंतीवर लाल रंगाची खूण केली.

"ही खूण कशाची?" त्याने ऑफिसातल्या मराठीत विचारलं.

"पाण्याची पातळी, काका. एकवीस साली इथवर चढलं होतं ना?"

"तू खंयची गो?"

"कसालची." आणि लगेच ती मालवणीत आली. "माजी आजी हयसरच ऱ्हवायची, बाजारात."

मालवणी ऐकून माणूस विरघळतो, हे तिला ठाऊक असणार, असं कॉन्स्टान्सियोला वाटलं. ती गेल्यावर त्याने ओला फडका घेऊन खूण पुसायचा प्रयत्न केला. रंग निघाला नाही.

तीन बैठकांना तो गेला आणि तिन्ही वेळा उभा राहून एकच बोलला, "रेघ चुकली आसा." शेवटी वर्षालीच म्हणाली, "काका, मग दाखवा खंयसून जाता तां."

जूनअखेर तळं काठोकाठ भरलं. एका सकाळी पाऊस उघडल्यावर कॉन्स्टान्सियोने गिरणीतून भाताच्या तुसाचं पोतं आणलं. पायऱ्यांच्या कडेला जुन्या पाटाचं चौकोनी तोंड होतं, त्यात तूस ओतून वरची फळी उचलायची. तूस जिथे बाहेर पडेल तिथे पाट. हॉटेलच्या मागे त्याने इमेल्डाला उभं केलं. वर्षालीला आपल्या घराच्या खालच्या अंगाला, ओहोळाशी पाठवलं. पण तिच्या डोळ्यांवर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून तिला मोबाईलवर सलग चित्रण करायला सांगितलं.

फळी उचलली. पाणी गुरगुरत तूस घेऊन आत शिरलं.

पाव तास झाला. हॉटेलमागून इमेल्डा हात हलवत आली, काही नाही. ओहोळावरून वर्षालीचा फोन आला, इथेही काही नाही. कॉन्स्टान्सियो हसण्याच्या बेतात होता, तेवढ्यात गल्लीतून हिरा आली. तळ्याच्या बाजूला, त्याच्या घराच्या वरच्या अंगाला तिचं घर. वेंगुर्ल्याहून मासे आणून विकणारी बाई. घोट्यापर्यंत तिचे पाय ओले होते आणि पायांना तूस चिकटलं होतं.

"माज्या परसात पाणी इला," ती शांतपणे म्हणाली. "दगडांच्या फटींतसून. ह्यां काय आसा?"

सगळे तिच्या परसात गेले. जमिनीतल्या फरशांमधून पाणी उसळत होतं, वर पिवळं तूस. वर्षालीने त्या फरशांवरून सरळ रेषेत बघितलं. रेषा कॉन्स्टान्सियोच्या न्हाणीघराच्या भिंतीला टेकत होती.

कॉन्स्टान्सियोला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. मुलीच्या, जॉयसीच्या लग्नाआधी, अठ्ठ्याण्णव साली त्याने ते न्हाणीघर वाढवलं होतं. बाबली गवंड्याने पहार आपटून सांगितलं होतं, "खाली पोकळ लागता." आणि लग्नाला बारा दिवस उरले म्हणून त्याने म्हटलं होतं, "दगड घाल नि बुजव." त्यानंतर तो स्वतःलाच सांगत गेला, की पाट हॉटेलखालून जातो. इतक्या वेळा सांगितलं, की तेच खरं वाटू लागलं.

"हिरा," तो म्हणाला, "एकवीस साली तुज्या सैपाकघरात पाणी भरलां तां माज्यामुळे. पाट माजे भिंतीखाली आसा. मीयाच बुजवलंय."

हिराने पायावरचं तूस हाताने निपटलं. "तीन दिवस माजी म्हातारी खाटीर बसान होती," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर महिनाभर ती त्याच्याशी बोलली नाही. मासे मात्र इमेल्डाला देत राहिली.

त्याने आठवड्याभरात न्हाणीघर पाडलं. बाबली आता थकलेला, पण बघायला आला. दगड काढताना खाली चिऱ्याची बांधीव कमान निघाली, अजून धड. जुलैत तळं दोनदा भरून वाहिलं आणि हिराच्या घरात थेंब आला नाही.

आता यानंतर कॉन्स्टान्सियो बदलला असेल असं कुणाला वाटेल, तर तसं काही नाही. गणपतीनंतर आराखड्याची दुसरी आवृत्ती सभागृहात लागली. हिराही बघायला आली होती, त्याच्यापासून दोन हात अंतर ठेवून. निळ्या रेघेवर आता त्याचं न्हाणीघर नव्हतं. ती रेघ त्याने नखाने तपासली. बरोबर होती.

मग हॉटेलमागे, ओहोळाला लागून, एक करडा चौकोन त्याला दिसला. त्याच्यावर नाव नव्हतं.

"ह्यां काय?" त्याने वर्षालीला विचारलं.

तिने वाकून बघितलं. कपाळाला आठी पडली. "माका म्हायत नाय, काका. साहेबांक इचारून सांगतंय."

"इचार," तो म्हणाला.

भिंतीशी ठेवलेली खुर्ची ओढून तो चित्रासमोर बसला. थोड्या वेळाने हिराने दुसरी खुर्ची आणून शेजारी ठेवली.