सरळ रेषेतला तारा

वेधशाळेत तिला सगळे मोजणीताई म्हणत. दुर्बिणीला डोळा लावणारे वेगळे. ताईचं काम दिवसाचं, दहा ते पाच. ताऱ्यांचे फोटो काचेवर काळ्या ठिपक्यांसारखे उमटत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ठिपक्यांची जागा ताई वाचायची आणि शेजारी बसलेली धाकटी बहीण लिहून घ्यायची. दोघींनी लग्नं केली नाहीत. "आमचं लग्न काचांशी लागलंय," धाकटी म्हणे, "आणि सासू म्हणजे आमचे साहेब."

ताईचा जीव एका जवळच्या ताऱ्यात अडकला होता. असा तारा दरवर्षी केसभर सरकतो. एकटा असेल तर सरळ जातो. पण जोडीला एखादा अंधुक, तांबडा, खुजा तारा असेल, तर तो जोडीदार दिसला नाही तरी मोठ्याची वाट किंचित नागमोडी होते. ताईला ती नागमोड हवी होती. पण नऊ वर्षं मोजूनही वाट आपली फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ.

मग एक दिवस साहेब कागद घेऊन आले. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीला तो तांबडा जोडीदार चक्क दिसला होता.

"आपल्या काचांत हे दिसायला हवं होतं, ताई," साहेब हळूच म्हणाले. "डोळे तपासून घ्या एकदा."

ताई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. धाकटीला ते बघवेना.

"ताई, तुझे डोळे चांगले आहेत गं. आकडे मी सरळ केले."

"म्हणजे?"

"नऊ वर्षांपूर्वी साहेब नव्हते का म्हणाले, आकडे हलायला लागलेत, नजर गेली असेल तर दुसरी बाई बघतो? मी घाबरले. काचांवाचून तू जगली नसतीस. मग तू वाचायचीस त्यातला शेवटचा आकडा मी मागच्या वर्षांच्या सरळ चालीला जुळवून लिहायचे. एवढा एवढासा फरक."

"त्या एवढ्याशातच तो तारा होता," ताई म्हणाली. "तू माझं आयुष्य खोडलंस."

त्यानंतर ताई तिच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून धाकटी घरीच राहिली. ताई त्याच काचा पहिल्यापासून मोजू लागली. स्वतःच वाचायची, स्वतःच लिहायची. दुप्पट वेळ लागे. घरी दोन खोल्या, एकच टेबल. धाकटी ताट वाढून ठेवी आणि विचारी, "भाजी खारट नाही ना झाली?" ताई मान खाली घालून जेवून उठे.

चौथ्या वर्षाच्या काचा झाल्या तेव्हा कागदावर रेषा वळायला लागली. ताईचा राग तिथेच विरघळला होता, खरं तर. पण स्वभाव हट्टी. अर्धवट काम कुणाला दाखवायचं नाही, हा तिचा बाणा. नऊही वर्षं होऊ देत, मग पूर्ण रेषा धाकटीपुढे ठेवीन आणि म्हणेन, "बघ वेडे, काय लपवत होतीस." हे वाक्य ती येता-जाता मनात घोळवायची.

सात वर्षांच्या काचा झाल्या, आणि एका दुपारी शेजारीणबाईंचा फोन आला. धाकटी कपडे वाळत घालताना कोसळली होती. ताई पोचली तोवर सगळं संपलं होतं. बादलीत ताईचीच साडी पिळून ठेवलेली होती.

महिन्याने ताई कामावर आली आणि उरलेल्या दोन वर्षांच्या काचा तिने मोजल्या. रेषा पूर्ण झाली. परदेशी कागदाशी तंतोतंत जुळणारी, नागमोडी. साहेब हरखून गेले.

"वा, ताई! डोळे म्हणजे काय डोळे आहेत तुमचे!"

"दोनच वर्षांच्या काचा राहिल्या होत्या हो, साहेब," ताई म्हणाली. "फार तर अडीच महिन्यांचं काम."

साहेबांना वाटलं, ती दिरंगाईबद्दल माफी मागते आहे.

"झाला थोडा उशीर. तारा काय पळून जातोय थोडाच?"

ताईने पुढची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. पण ठिपका काही केल्या तिला नीट दिसेना.