दात तपासून घेतलेला पियानो

चालवून बघितल्याशिवाय आणि दात तपासल्याशिवाय या जगात काहीही विकत घेऊ नये, असं मानणारा एकच माणूस नगर जिल्ह्यात उरला आहे आणि ते माझे मामा आहेत. घोडेगावला उभी हयात बैलांची दलाली केली, त्याचा हा परिणाम. फ्रिज घेतानाही त्यांनी आधी त्याच्या पाठीवर थाप मारली, कान लावून श्वास ऐकला आणि “भरल्या पोटी कसा चालतोय ते दावा” म्हणत दुकानदाराला आत पाण्याच्या कळशा ठेवायला लावल्या. मामींना बघायला गेले तेव्हाही चालून दाखवायला सांगितलं होतं. मामी अजून म्हणतात, “दात मोजलं न्हाईत, ही मेहेरबानीच म्हनायची.”

बाजार आटोपला की मामा पेटी वाजवत. गावातलं एकही भजन त्यांच्याशिवाय होत नसे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. पेटीला भाता लागतो आणि भात्याला डावा हात. मामांनी पेटीवर चादर टाकली आणि भजनाच्या दिवशी नेमकं परगावी काम काढू लागले. मला ते बघवेना. भात्याशिवाय, विजेवर चालणारा पियानो एका हातानेही वाजेल, असं समजावून मी त्यांना नगरला वाद्यांच्या दुकानात नेलं.

चकचकीत काळ्या पियानोंकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. नजर ठरली ती कोपऱ्यातल्या एकावर. बाजूंना लाकूड, वर मोठाली गोल बटणं, घड्याळासारखा काटा. मामांनी एकेक पट्टी दाबत त्याचा सगळा जबडा तपासला.

“दात मजबूत हायेत. पन वय लई दिसतंय. किती हातांतनं फिरलाय?”

“काका, नवाकोरा आहे,” दुकानदार म्हणाला. “जुन्यासारखा दिसावा म्हणून मुद्दाम असा बनवतात.”

मामा मटकन खुर्चीत बसले. म्हाताऱ्या बैलाची शिंगं घासून तो तरणा म्हणून खपवणारे त्यांनी ढिगाने पकडले होते. “तरन्याला म्हातारा करून इकनारा आजच बघितला,” ते म्हणाले. “ह्यात खोट शोधायची तरी कुठं?”

ती शोधायला तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मामांनी दुकानदाराच्या हातावर टॉवेल टाकला आणि आतून त्याची बोटं दाबू लागले. बैलांचा सौदा असाच मुक्याने होतो; पण काकांना पुन्हा झटका आला असं वाटून तो बिचारा पाणी आणायला धावला.

पियानो घरी आला आणि आठ दिवस नुसता उभा राहिला. मामा रोज पुसत, पट्ट्या मोजत, वाजवत मात्र नसत. शेवटी मी चिडलो. “मामा, आता अजून काय तपासायचं राहिलंय?”

“त्याच्यात काय बी खोट न्हाई,” ते खाली बघत म्हणाले. “मलाच पयल्यासारखं जमंल का न्हाई, ते कुनाकडनं तपासून घ्यायचं?”

मामी हात पुसत आल्या आणि त्यांच्या डाव्या बाजूला बसल्या. “वाजवा. घरातच हाय.”

मामांनी अभंग धरला. दुसऱ्याच ओळीला बोटं अडखळली आणि थांबली. तेव्हा मामींनी हलक्या आवाजात पुढची ओळ उचलली आणि मामा त्यांच्या मागोमाग निघाले. मामी इतक्या सुरात गातात हे मला ठाऊक नव्हतं. आणि मामांचा चेहरा सांगत होता की, इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही ते कळलं नव्हतं.